युनियनचा शब्द, सभासदांचं मत

१३ फेब्रुवारी २०२०. अमेरिकेतल्या लास वेगास शहरात हॉटेल-कामगारांच्या एका युनियननं पत्रकार परिषद बोलावली होती. डेमोक्रॅटिक पक्षातून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे सगळे नेते आणि त्यांचे प्रचारप्रमुख त्या दिवशी या युनियनकडे डोळे लावून बसले होते. नेवाडा राज्यातलं पक्षांतर्गत मतदान नऊ दिवसांवर आलं होतं आणि तिथं या युनियनचा शब्द मोठा मानला जातो. युनियनच्या सचिव-खजिनदार जिओकोंडा आर्ग्वेयो-क्लाइन माईकसमोर आल्या आणि म्हणाल्या, आम्ही कोणालाच पाठिंबा जाहीर करणार नाही.

युनियनचं नाव ‘कलिनरी वर्कर्स युनियन, लोकल २२६’. सभासद सुमारे ६० हजार. कॅसिनो-हॉटेलांत बिछाने घालणाऱ्या, भांडी घासणारे, आचारी, वेटर, सामान वाहणारे. निम्म्याहून जास्त स्त्रिया आणि निम्म्याहून जास्त लॅटिनो. १७८ देशांतून आलेली, चाळीसहून अधिक भाषा बोलणारी ही माणसं. आर्ग्वेयो-क्लाइन स्वतः निकाराग्वातून आलेल्या आणि एकेकाळी हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या.

पेच होता आरोग्य विम्याचा. शर्यतीत पुढे असलेले बर्नी सँडर्स म्हणत होते की, देशातल्या प्रत्येकाला सरकारी विमा मिळावा आणि त्यानं बाकी सगळ्या विम्यांची जागा घ्यावी. त्यात या युनियनची स्वतःची विमा योजनाही जाणार होती. ती योजना सभासद आणि त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे १ लाख ३० हजार लोकांना सांभाळत होती, दरमहा हप्ता न घेता. अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हे. ती टिकवायला लोकांनी रस्त्यावर दिवस काढले होते. १९८४ साली शहरातले सुमारे १७ हजार कामगार संपावर गेले. पुढं फ्राँटियर नावाच्या एका हॉटेलचा संप सप्टेंबर १९९१मध्ये सुरू झाला तो संपला थेट १९९८च्या फेब्रुवारीत. सहा वर्षं, चार महिने, दहा दिवस. साडेपाचशे संपकऱ्यांपैकी एकही जण फुटून कामावर गेला नाही.

म्हणून युनियननं सँडर्स यांच्या योजनेविरुद्ध पत्रकं वाटली. पण त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या जो बायडन यांचं किंवा दुसऱ्या कोणाचंही नाव घेतलं नाही. सँडर्स यांच्या काही पाठीराख्यांनी इंटरनेटवरून युनियनच्या या बायकांना अर्वाच्य शिवीगाळ केली. खुद्द सँडर्स यांना त्याचा निषेध करावा लागला. नऊ दिवसांनी काय झालं, ते पुढं येईलच. पण युनियननं गप्प बसायचं का ठरवलं असावं, हे समजून घ्यायचं तर ऐंशी वर्षं मागं जावं लागतं.

आपल्याकडच्या वाचकाला हा पेचच जरा विचित्र वाटेल. भारतात युनियन आधीच कुठल्यातरी पक्षाच्या अंगणात असते. इंटक काँग्रेसची, आयटक कम्युनिस्टांची, भारतीय मजदूर संघ संघपरिवारातला. निवडणूक आली की पाठिंबा कोणाला, हे विचारायची गरज नसते. याला फाटा देणारे दत्ता सामंत होते, पण त्यांनीही १९८२च्या गिरणी संपानंतर, १९८४ साली, स्वतःच लोकसभा लढवली आणि जिंकली. अमेरिकेत मजुरांचा असा मोठा पक्ष कधी उभाच राहिला नाही. दोन पक्ष, आणि त्यांचे उमेदवारही मतदारच निवडतात. या निवडीला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत सभा भरवून निवड होते, तिला कॉकस. त्यामुळं युनियनला दोनदा ठरवावं लागतं. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत कोण, हा प्रश्न तुलनेनं सोपा. त्याआधी, आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या पक्षातल्या पाचसहा इच्छुकांपैकी कोण, हा अवघड. तिथं सगळेच ओळखीचे असतात आणि हरलेला पुढं हिशेब लक्षात ठेवतो.

आता १९४०कडे. जॉन एल. लुईस हे खाणकामगारांचे पुढारी. जाड भुवया, गडगडाटी आवाज आणि तितकाच मोठा अहंकार. १९३५ साली त्यांनी सीआयओ ही संघटना उभारली आणि मोटार, पोलाद, रबर या उद्योगांतले लाखो मजूर पहिल्यांदा संघटित झाले. १९३६ला त्यांनी आपल्या खाण युनियनच्या तिजोरीतून सुमारे ५ लाख डॉलर फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या निवडणुकीसाठी दिले. पुढं दोघांचं बिनसलं. २५ ऑक्टोबर १९४०च्या रात्री लुईस रेडिओवर आले आणि रूझवेल्टना पाडा, रिपब्लिकन वेंडेल विल्की यांना मत द्या, असं त्यांनी मजुरांना सांगितलं. एवढ्यावर थांबले नाहीत. रूझवेल्ट जिंकले तर तो आपल्यावरचा अविश्वास समजून सीआयओचं अध्यक्षपद सोडीन, असंही म्हणाले.

मजुरांनी रूझवेल्टनाच मत दिलं. खाणींच्या गावांतसुद्धा. ज्या माणसाच्या एका हाकेवर ते खाणीतून बाहेर पडत, पगारावर पाणी सोडत, त्याच माणसाचं त्यांनी मताच्या बाबतीत ऐकलं नाही. संपाच्या वेळी पुढारी हा आपला माणूस असतो. मतपेटीपाशी मात्र मजुराला घरी आलेलं पेन्शन आठवतं, मिळालेलं काम आठवतं. लुईस शब्दाचे पक्के निघाले. त्याच नोव्हेंबरात त्यांनी पद सोडलं आणि फिलिप मरे अध्यक्ष झाले. मला या गोष्टीत लुईस यांची फजिती तेवढी दिसत नाही. आपण दिलेला शब्द आपल्यामागं उभा असलेल्यांचा आहे की नाही, हे उघडपणे पणाला लावणारा त्यांच्यासारखा दुसरा पुढारी मला माहीत नाही.

१९५५ साली सीआयओ आणि जुनी एएफएल एकत्र आल्या. एएफएल-सीआयओ हा महासंघ तयार झाला आणि जॉर्ज मीनी त्याचे अध्यक्ष. नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा चोवीस वर्षं त्या खुर्चीत बसला. त्या काळात डेमोक्रॅटिक उमेदवार बंद खोलीत ठरे आणि त्या खोलीत मीनींची माणसं असत. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले. बाहेर शिकागोच्या रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या पोरांना पोलीस झोडपत होते. हम्फ्री हरले. पक्षानं नियम बदलायला आयोग नेमला, त्याचे पहिले अध्यक्ष सिनेटर जॉर्ज मॅक्गव्हर्न. नव्या नियमांनी प्रतिनिधी निवडायचं काम प्रायमरीतल्या मतदारांकडं गेलं; तरुण, स्त्रिया आणि काळ्या लोकांना वाटा मिळाला. जुन्या पुढाऱ्यांची खोली रिकामी झाली.

१९७२ला याच मॅक्गव्हर्न यांनी उमेदवारी जिंकली. मीनी संतापले. युद्धाबद्दल दोघांची टोकाची मतं होतीच. शिवाय एक जुनी नोंदही होती. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याचं कलम १४(ब) राज्यांना युनियनचे हात बांधणारे कायदे करू देतं. ते रद्द करायचा प्रयत्न सिनेटमध्ये अडवला गेला, तेव्हा चर्चा थांबवून मतदान घ्यायला मॅक्गव्हर्न यांनी विरोध केला होता. जुलैमध्ये महासंघाच्या कार्यकारी मंडळानं २७ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं, यंदा तटस्थ. रिचर्ड निक्सनही नाही, मॅक्गव्हर्नही नाही. महासंघ झाल्यापासून डेमोक्रॅटिक उमेदवाराला पाठिंबा न देण्याची ही पहिलीच वेळ.

तीस-बत्तीस माणसांनी एका टेबलाभोवती बसून कोट्यवधींच्या वतीनं मौन धरलं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियननं ते मानलं नाही. ती मॅक्गव्हर्नकडं गेली. आणि सप्टेंबरमध्ये शिकागोत बाराशेच्या आसपास काळे कामगार-कार्यकर्ते जमले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. निक्सन परत आले तर सगळ्यात आधी मार आम्हाला बसणार आहे. मग आमच्या वतीनं ‘आम्हाला काही फरक पडत नाही’ असं सांगायचा अधिकार यांना कोणी दिला? त्या बैठकीतून काळ्या कामगारांची स्वतंत्र आघाडी जन्माला आली, ती आजही आहे. तिच्या संस्थापकांत बिल लुसी होते. १९६८ साली मेम्फिसमध्ये सफाई कामगारांच्या संपात ते होते. त्याच संपासाठी गेलेले असताना मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. निक्सन यांनी नोव्हेंबरात ५०पैकी ४९ राज्यं जिंकली. युनियनच्या घरांतल्या मतांतही ते पुढं होते.

मौनाचा हा अनुभव घेऊन महासंघ पुढच्या दशकात आला. १९८०च्या प्रायमरीत युनियन दुभंगल्या. काही राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याकडं, काही टेड केनेडींकडं. आणि एक छोटी युनियन तिसरीकडंच गेली. विमानवाहतूक नियंत्रकांच्या पॅटको या संघटनेनं रिपब्लिकन रोनाल्ड रेगन यांना पाठिंबा दिला. रेगन यांनी तिच्या अध्यक्षांना पत्र लिहून नियंत्रकांच्या कामाची परिस्थिती सुधारण्याचं आश्वासन दिलं होतं. ऑगस्ट १९८१मध्ये हेच नियंत्रक संपावर गेले तेव्हा रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ती संपताच ११ हजारांहून अधिक जणांना कामावरून काढून टाकलं. त्यांना परत सरकारी नियंत्रक होण्यावर बंदी घातली. युनियन संपली. पाठिंब्याची परतफेड अशीही होते.

मीनींच्या जागी आता लेन कर्कलंड होते. त्यांनी ठरवलं, आता मागं राहायचं नाही आणि फुटायचंही नाही. प्रायमरीचं पहिलं मत पडायच्या आधीच महासंघ एका नावावर एकत्र येईल. युनियननी स्वतंत्रपणे कोणाला शब्द देऊ नये, आपापल्या सभासदांचा कल पाहावा, मग अधिवेशनात दोन-तृतीयांश मतांनी निर्णय. ५ ऑक्टोबर १९८३ला फ्लोरिडातल्या हॉलिवूड या गावी भरलेल्या अधिवेशनानं वॉल्टर मोंडेल यांना नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी पाठिंबा दिला. हे महासंघाच्या इतिहासात प्रथमच घडत होतं.

मोंडेल हे मिनेसोटाचे, हम्फ्रींच्या तालमीतले, कार्टर यांचे उपराष्ट्राध्यक्ष. मजुरांच्या प्रश्नांवर त्यांची नोंद चोख होती. कर्कलंड यांची चूक माणूस निवडण्यात झाली, असं म्हणता येणार नाही. पण पाठिंबा जाहीर झाल्याबरोबर तो मोंडेल यांच्या पाठीवर लेबलासारखा चिकटला. ‘हितसंबंधीयांचा उमेदवार.’ फेब्रुवारीत आयोवातल्या चर्चेत प्रतिस्पर्धी गॅरी हार्ट यांनी त्यांना विचारलं, युनियनशी तुमचं पटत नाही असा एक तरी मोठा मुद्दा सांगा. मोंडेल यांना धड उत्तर देता आलं नाही. गंमत बघा, गिरणीमालकांच्या पैशांवर निवडून येणाऱ्याला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बिछाने घालणाऱ्या, लोखंड ओतणाऱ्या माणसांनी एकत्र मत द्यायचं ठरवलं की मात्र तो हितसंबंध ठरतो. ‘एकगठ्ठा मतं’ हा शब्द आपल्याकडं कोणाला चिकटवला जातो, हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको.

पाठिंब्याचं बळही खोटं नव्हतं. आयोवात मोंडेल यांनी ४९ टक्के घेऊन बाकीच्यांना धूळ चारली. आठच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हार्ट यांनी त्यांना उताणं पाडलं. मोंडेल यांची मोहीम मार्चमध्ये बुडतच होती. तिला वर काढलं ते मिशिगन, इलिनॉय, न्यू यॉर्क, पेनसिल्वेनिया या कारखान्यांच्या राज्यांनी. तिथं युनियनकडं फोन करणारे, दारोदार फिरणारे लोक होते आणि हार्टविरुद्ध एक पक्का मुद्दा होता. १९७९ साली क्रायस्लर कंपनी बुडू लागली तेव्हा सरकारी कर्जहमीच्या विरोधात हार्ट यांनी मत दिलं होतं. मोटार कामगार हे विसरले नव्हते.

मात्र एक माणूस या सगळ्या हिशेबात बसला नव्हता. महासंघाचा निर्णय झाल्यानंतर महिनाभरात जेसी जॅक्सन यांनी उमेदवारी जाहीर केली. आता काळ्या कामगारानं काय करावं? त्याची युनियन ऑक्टोबरातच शब्द देऊन मोकळी झाली होती. जॅक्सन यांना त्या प्रायमऱ्यांत ३० लाखांहून अधिक मतं पडली. त्यांत युनियनचं कार्ड खिशात असलेल्यांची मतं किती, याचा हिशेब कर्कलंड यांच्या पाठिंब्यात कुठंच नव्हता. लवकर बोलण्याची किंमत ही असते. बोलून झाल्यावर जो येतो, त्याच्यासाठी तोंड उरत नाही.

नोव्हेंबर १९८४ला मोंडेल यांना फक्त त्यांचं मिनेसोटा आणि राजधानी वॉशिंग्टन मिळालं. निर्वाचक मतं ५२५ विरुद्ध १३. युनियनच्या घरांतून बहुमत त्यांना मिळालं खरं, पण दर दहा मतांतली चारांहून जास्त मतं रेगन यांना गेली. पॅटकोचा संप चिरडणाऱ्या रेगन यांना.

त्यानंतर महासंघ सावध झाला. १९८८ला त्यानं प्रायमरीत कोणाचंच नाव घेतलं नाही. मोकळ्या सुटलेल्या सभासदांच्या मिशिगनमध्ये जॅक्सन यांनी मायकल डुकाकिस यांना मोठ्या फरकानं हरवलं; डिअरबॉर्नच्या अरब वस्त्यांतूनही त्यांना मतं मिळाली. २००३च्या नोव्हेंबरात दोन बलाढ्य युनियननी हॉवर्ड डीन यांचा हात धरला. दोन महिन्यांत आयोवात डीन तिसरे आले. २०१५च्या जुलैत शिक्षकांच्या एका मोठ्या युनियननं हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला तेव्हा, आम्हाला कधी विचारलं, म्हणत तिच्याच सभासदांनी गदारोळ केला. दूरसंचार कामगारांच्या युनियननं उलट केलं. आधी सभासदांचा कौल घेतला, मग डिसेंबरात सँडर्स यांचं नाव जाहीर केलं. सँडर्स हरले, पण त्या युनियनमध्ये कोणी कोणाची कॉलर धरली नाही.

लास वेगासच्या आपल्या युनियनचाही एक धडा गिरवून झाला होता. जानेवारी २००८मध्ये तिनं बराक ओबामांना पाठिंबा दिला. कामाच्या वेळात कॅसिनोतल्या कामगारांना मत देता यावं म्हणून पक्षानं स्ट्रिपवर, म्हणजे बड्या हॉटेलांच्या त्या रस्त्यावर, नऊ मतदान-सभा ठेवल्या होत्या. यातून ओबामांचा फायदा होईल म्हणून त्या बंद पाडायला कोर्टात दावाही झाला. तो फेटाळला गेला. आणि सभा भरल्या तेव्हा नऊपैकी सात ठिकाणी हिलरी क्लिंटन जिंकल्या. युनियनच्या स्वतःच्या सभासदांच्या गर्दीत.

तेव्हा २०२०च्या त्या मौनाकडे मी भित्रेपणा म्हणून पाहत नाही. नेत्यांना विम्याची काळजी होती आणि ती त्यांनी पत्रकं वाटून बोलून दाखवली. पण आपल्या तरुण सभासदांचा कल सँडर्स यांच्याकडं आहे, हेही त्यांना कळत असणार. शिवाय मौनातही एक बाजू होतीच. विरोध एकाचा करायचा आणि नाव कोणाचंच घ्यायचं नाही, याला निव्वळ तटस्थता म्हणणं जरा अवघड आहे.

२२ फेब्रुवारीला गणवेशातल्या बाया-माणसं कामावरून थोडा वेळ सुटून हॉटेलांच्या सभागृहांत जमली. बेलाजिओसकट स्ट्रिपवरच्या बहुतेक ठिकाणी सँडर्स जिंकले, राज्यही त्यांनी आरामात जिंकलं. विम्यासाठी सहा वर्षं रस्त्यावर बसलेल्या युनियनमधल्या अनेकांनी तो विमा सरकारच्या हाती द्यायला तयार असलेल्या माणसाला मत दिलं. आपल्याला आहे ते आपल्या बाहेरच्या भावालाही मिळावं, असं काहींना वाटलं असेल. नोकरी गेली की विमा जातो, ही धास्ती काहींच्या मनात असेल.

ती धास्ती महिन्याभरातच दारात उभी राहिली. १७ मार्चला कोरोनामुळं नेवाडातले सगळे कॅसिनो बंद करण्याचा हुकूम निघाला आणि युनियनचे बहुतेक सभासद घरी बसले. तोवर सँडर्स शर्यतीत मागं पडले होते. पुढं उमेदवारी मिळाली ती बायडन यांना, ज्यांचं नाव घ्यायला युनियननं फेब्रुवारीत नकार दिला होता. उन्हाळा-पावसाळा न बघता, मास्क लावून, बेकार झालेले वेटर आणि खोल्या साफ करणाऱ्या बाया त्यांच्यासाठी लास वेगासच्या गल्ल्यांत लाखो दारं ठोठावत फिरल्या. फेब्रुवारीत सँडर्सना मत दिलेले त्यांत होते, बायडनना दिलेलेही होते. नोव्हेंबरात बायडन यांनी नेवाडा जिंकलं ते सुमारे साडेतेहेतीस हजार मतांनी.